कच्ची वनौषधी, चूर्णे आणि रस: पोटाच्या तक्रारी व सुरक्षितता – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वनस्पतींची चूर्णे, ताजे रस, काढे आणि अर्काच्या गोळ्या घेणाऱ्यांना पोटाच्या तक्रारींविषयी पुन्हा पुन्हा पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. आयुर्वेदाला किंवा घरगुती उपचारांना विरोध करणे हा या लेखनाचा हेतू नाही. ज्या वनस्पतीत गुण आहे तिला मात्रा, काळ आणि निषेधही आहेत, हे जुन्या वैद्यांनीच सांगून ठेवले आहे. आज मात्र गुणांची जाहिरात होते आणि निषेध मागे पडतात. खालील माहिती वैद्यांच्या किंवा डॉक्टरांच्या प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही.

कच्ची वनौषधी म्हणजे नेमके काय?

पाने, साली, मुळे, बिया किंवा फळे केवळ वाळवून, कुटून अथवा वाटून, कोणताही शोधनसंस्कार (विषारीपणा कमी करण्याची आयुर्वेदिक प्रक्रिया) न करता पोटात घेतली जातात, तेव्हा त्यांना येथे कच्ची वनौषधी म्हटले आहे. काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेले सुटे चूर्ण, बागेतील गुळवेलीचा तुकडा, मिक्सरमधून काढलेला दुधीचा किंवा कडुनिंबाचा रस आणि बाजारातील शेवग्याच्या पानांची पूड हे सर्व त्यात येते. अर्क भरलेल्या कॅप्सूल खरे तर कच्च्या नसतात, परंतु लोक त्या त्याच विश्वासाने घेतात, म्हणून त्यांचाही विचार पुढे केला आहे.

वनस्पती नैसर्गिक असूनही तिच्यामुळे पोट का बिघडते?

वनस्पती आपली पाने आणि बिया किड्यांपासून व जनावरांपासून वाचवण्यासाठी अनेक रसायने तयार करतात, आणि त्यांतील काही रसायनेच आपल्याला औषध म्हणून उपयोगी पडतात. हिरडा आणि आवळा यांतील तुरट टॅनिन रिकाम्या पोटात गेल्यास मळमळ होऊ शकते. रिठ्याला फेस आणणारे सॅपोनिन या वर्गातील पदार्थ शतावरी, गोखरू आणि मेथी यांतही असतात आणि अधिक मात्रेत ते जठराच्या अस्तराला त्रास देऊ शकतात. सोनामुखी आणि कोरफडीतील अँथ्राक्विनोन मोठ्या आतड्याची हालचाल वाढवतात. मेथी, जवस आणि इसबगोल यांतील चिकट तंतू आतड्यातील जिवाणूंना खाद्य पुरवतात, त्यामुळे सुरुवातीला पोट गुबारते.

कच्चे आणि शिजवलेले यांतही मोठा फरक असतो. सुरण व अळू कच्चे खाल्ले तर घसा खाजतो, म्हणून आपण ते चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवतो. पिढ्यान् पिढ्यांचा हा शहाणपणा कच्च्या रसांच्या बाबतीत मात्र बाजूला पडलेला दिसतो. बिब्बा, कुचला, वचनाग आणि गुंज या वनस्पती शोधन केल्याशिवाय पोटात देऊ नयेत, असे आयुर्वेदातच सांगितले आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची ई(१) मध्ये अशा विषारी द्रव्यांची यादी आहे आणि त्यांपासून केलेली औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत, अशी सूचना वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे.

चूर्ण सुरू केल्यावर जुलाब होतात. ‘शरीरातील घाण बाहेर पडते आहे, थांबवू नका’ असे सांगितले जाते. हे खरे आहे का?

नाही. या एका समजुतीमुळे लोक धोक्याची पहिली खूण शुभचिन्ह मानून बसतात, म्हणून याविषयी स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. जुलाबावाटे पाणी, सोडियम आणि पोटॅशियम बाहेर जाते. आतड्याच्या भिंतीला चिकटून राहिलेली वर्षानुवर्षांची घाण म्हणून जे दाखवले जाते, तसे काही निरोगी आतड्यात साचून राहत नाही. आतड्याचे अस्तर काही दिवसांत स्वतःच नवे होत असते, आणि शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे अखंड करीत असतात.

शास्त्रोक्त विरेचन, म्हणजे रेचक देऊन पोट साफ करण्याचा पंचकर्मातील उपचार, ही वेगळी गोष्ट आहे. त्यात रुग्णाची आधी तपासणी होते, स्नेहन व स्वेदन (तूप-तेल देणे आणि शेकाने घाम आणणे) होते, शौचाचे वेग मोजले जातात आणि नंतर आहार क्रमाक्रमाने पूर्वपदावर आणला जातो. वैद्याच्या देखरेखीखाली काही काळापुरते केलेले विरेचन आणि समाजमाध्यमावर पाहून महिनोन्महिने घेतलेले रेचक चूर्ण यांना एकाच मापाने मोजणे हा आयुर्वेदावरही अन्याय आहे. दिवसाला तीनपेक्षा अधिक पातळ शौच होत असतील, पोटात मुरडा येत असेल किंवा उठल्यावर भोवळ येत असेल, तर चूर्ण त्याच दिवशी बंद करावे आणि जलसंजीवनी (ओआरएस) घ्यावी. जलसंजीवनीचे पाकीट जवळ नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पीत राहावे.

बद्धकोष्ठतेवरील चूर्णे किती दिवस घेता येतात?

पोट साफ करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या अनेक चूर्णांत सोनामुखी हे मुख्य द्रव्य असते, मग वेष्टनावर कितीही वनस्पतींची चित्रे असोत. घटकांच्या यादीत ‘सोनामुखी’, ‘स्वर्णपत्री’ किंवा ‘सेना अलेक्झांड्रिना’ यांपैकी कोणतेही नाव आढळले, तर ते उत्तेजक रेचक आहे असे समजावे. सोनामुखीतील सेनोसाइड मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तेथील जिवाणू त्यांचे कार्यक्षम द्रव्यात रूपांतर करतात, म्हणून परिणाम ६ ते १२ तासांनी दिसतो. संध्याकाळपर्यंत काही झाले नाही म्हणून दुसरा डोस घेणाऱ्यांची रात्र त्यामुळेच वाईट जाते.

वैद्यकीय सल्ल्याशिवाय ती सलग एक ते दोन आठवड्यांहून अधिक घेऊ नये आणि १२ वर्षांखालील मुलांना स्वतःच्या मनाने देऊ नये. दीर्घकाळ घेतल्यास पोटॅशियम कमी होते. पोटॅशियम कमी झाले की आतड्याचे स्नायूच मंदावतात, बद्धकोष्ठता वाढते आणि माणूस मात्रा आणखी वाढवतो. मोठ्या आतड्याचे अस्तर काळपट पडणे हा दुसरा परिणाम दुर्बिणीच्या तपासणीत दिसतो. रेचक थांबवल्यावर तो काही महिन्यांत कमी होतो. पोटात दुखते आहे पण कारण कळलेले नाही, अशा वेळी सोनामुखी मुळीच घेऊ नये, कारण अपेंडिक्सला सूज असेल किंवा आतड्यात अडथळा असेल तर रेचकाने जिवावर बेतू शकते. पन्नाशीनंतर बद्धकोष्ठता नव्याने सुरू झाली असेल, तर चूर्ण शोधण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

कोरफडीचा गर रोज घेतला तर चालतो का?

कोरफडीचे पान कापल्यावर सालीलगत जो पिवळसर, कडू चीक निघतो, त्यात अ‍ॅलोइन हे तीव्र रेचक असते. हाच चीक आटवून काळा बोळ तयार होतो. आतील पारदर्शक गरात अ‍ॅलोइन फारच कमी असते, परंतु घरी पान कापून गर काढताना चीक त्यात मिसळतोच, आणि मग पोटात कळा व जुलाब सुरू होतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये कोरफडयुक्त रेचके विनाचिठ्ठी विक्रीतून काढण्यास सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कोरफडीच्या संपूर्ण पानाच्या अर्काला कर्करोगास कारणीभूत ठरण्याची शक्यता असलेल्या २ब गटात ठेवले आहे. गर घ्यायचाच असेल तर पान उभे ठेवून चीक पूर्ण निथळू द्यावा, साल जाड काढावी, गर धुऊन घ्यावा आणि तो दररोजची सवय म्हणून घेऊ नये. गरोदरपणात आणि मूळव्याधीतून रक्त जात असताना तो टाळावा.

इसबगोल तर सर्वांत सौम्य. त्यात काय धोका?

धोका पाणी कमी पिण्याचा आहे. इसबगोल पाणी शोषून अनेक पटींनी फुगते, म्हणून एका मोठ्या पेल्यात ढवळून लगेच प्यावे आणि वर आणखी पाणी प्यावे. कोरडे फाकल्यास ते अन्ननलिकेत अडकू शकते. गिळताना त्रास होणाऱ्या वृद्धांना ते देऊच नये. झोपण्याच्या अगदी आधी घेऊ नये. इतर औषधांचे शोषण त्यामुळे कमी होते, म्हणून दोहोंत किमान एक ते दोन तासांचे अंतर ठेवावे.

दुधीचा रस प्यायल्याने मृत्यू होऊ शकतो, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि या संपूर्ण पानावर एकच उत्तर वाचायचे असेल तर हे वाचावे. दुधी, काकडी, दोडका, भोपळा या कुळातील फळांत कुकुर्बिटासिन नावाची अतिशय कडू द्रव्ये असतात. लागवडीच्या वाणांत ती नगण्य असतात, परंतु पाण्याचा ताण, अति उष्णता किंवा परागसिंचनाच्या वेळी रानटी वाणाशी झालेला संकर अशा कारणांनी एखाद्या फळात ती एकदम वाढतात. बाहेरून असे फळ अगदी नेहमीसारखे दिसते.

२०१० मध्ये दिल्लीतील एका शास्त्रज्ञाचा कडू रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१८ मध्ये पुण्यातही अशाच रसानंतर एका महिलेचा मृत्यू झाल्याचे वृत्त आले होते. अशा विषबाधेत काही मिनिटांपासून काही तासांत पोटात तीव्र वेदना, उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी आणि रक्तदाब कोसळणे ही लक्षणे दिसतात. यावर उतारा म्हणून कोणतेही औषध नाही. सलाइन देऊन रक्तदाब सावरणे आणि जठरातील रक्तस्राव थांबवणे हाच उपचार असतो, म्हणून वेळ फार महत्त्वाची ठरते.

रस काढण्यापूर्वी फळाचा लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा आणि कडू लागला तर संपूर्ण फळ टाकून द्यावे. उष्णतेने ही द्रव्ये नष्ट होत नसल्याने कडू दुधीची भाजीही करू नये. दुधीच्या रसात कारले, आवळा, पुदिना किंवा इतर कोणताही रस मिसळू नये, कारण त्यामुळे धोक्याची सूचना देणारी कडू चव झाकली जाते. सकाळी बागांच्या बाहेर रस विकणाऱ्या गाड्यांवर दहा जणांसाठी एकदम काढलेला मिश्र रस मिळतो आणि त्यातील दुधी कोणी चाखून पाहिलेला असेलच असे नाही. असा रस घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ‘औषध आहे, कडू असणारच’ या संस्काराने डोळे मिटून पेला रिकामा करणे येथे घातक ठरते.

गुळवेलीने यकृत बिघडते का?

याविषयी दोन्ही बाजू मांडणे उचित आहे. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा लाखो घरांत पोहोचला. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या ६ रुग्णांची माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे देशातील १३ केंद्रांनी अशा ४३ रुग्णांचा अभ्यास एकत्रितपणे मांडला. अनेक रुग्णांतील आजाराचे स्वरूप शरीराच्या प्रतिकारशक्तीने आपल्याच यकृतावर हल्ला करावा तसे होते. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळख नीट पटवली गेली नसल्याचे म्हटले आणि गुळवेलीसारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल वापरली गेली असण्याची शक्यता दाखवून दिली.

सामान्य माणसाने यातून काय घ्यावे? गुळवेल घेणाऱ्या बहुसंख्यांना असा त्रास होत नाही, परंतु कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. ज्यांना थायरॉइडचा स्वप्रतिकारजन्य आजार, संधिवात, ल्युपस, सोरायसिस किंवा यकृताचा जुना आजार आहे, अथवा ज्यांचे अवयवरोपण झाले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये. इतरांनीही ती महिनोन्महिने ‘प्रतिकारशक्तीसाठी’ म्हणून घेत राहू नये. भूक मंदावणे, सतत मळमळ, लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे किंवा अंगाला खाज सुटणे यांपैकी काहीही जाणवले तर ती तत्काळ थांबवून यकृताची रक्ततपासणी करावी. रानातून वेल तोडून आणताना ओळखीची खात्री नसेल, तर ती आणूच नये.

स्वयंपाकातील हळद सुरक्षित असते, मग हळदीच्या गोळ्यांना का जपायचे?

कारण मात्रा आणि शोषण या दोन्ही गोष्टी बदलतात. भाजी-आमटीतील चिमूटभर हळदीतून जे कर्क्युमिन मिळते त्याच्या कित्येक पट एका कॅप्सूलमध्ये असते, आणि मिरीतील पायपरिन मिसळून त्याचे शोषण मुद्दाम वाढवलेले असते. अशा पूरकांनंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणे इटलीत आणि अमेरिकेत नोंदली गेली आहेत. मोठ्या मात्रेने छातीत जळजळ, करपट ढेकर आणि पातळ शौच हे त्रास अनेकांना होतात. कर्क्युमिनमुळे पित्ताशय आकुंचन पावते, म्हणून पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी या गोळ्या टाळाव्यात. ग्रीन टीच्या अर्काचेही असेच आहे: चहा म्हणून पिणे वेगळे, आणि युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे गोळ्यांतून दररोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी (ग्रीन टीतील मुख्य क्रियाशील द्रव्य) घेणे वेगळे, त्या मात्रेला यकृताच्या तपासण्यांत बिघाड दिसू लागतो.

अश्वगंधेने काहींना मळमळ, पातळ शौच आणि सुस्ती येते. क्वचित यकृतालाही सूज आल्याचे नोंदले गेले आहे. परंपरेने औषधात तिचे मूळ वापरतात. उत्पादकांनी पानांचा वापर करू नये, असे आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये कळवले होते, म्हणून वेष्टनावर ‘मूळ’ असे स्पष्ट लिहिलेले आहे का ते पाहावे.

त्रिफळा रोज घेतली तर चालते का?

थोड्या काळासाठी, रात्री कोमट पाण्याबरोबर एक लहान चमचा त्रिफळा (हिरडा, बेहडा आणि आवळा यांचे चूर्ण) बहुतेक प्रौढांना सोसते. पातळ शौच किंवा पोटात कळा येत असतील तर मात्रा निम्मी करावी, तरीही न थांबल्यास बंद करावी. कृश, अशक्त व्यक्तींनी आणि गरोदर स्त्रियांनी हिरडा घेऊ नये, हा जुनाच निषेध आहे.

हे सर्व अनशापोटीच घ्यावे लागते का?

प्रत्येक औषधाचा काळ वेगळा सांगितलेला आहे आणि ‘सकाळी उठल्याबरोबर’ हा सर्वांना लागू होणारा नियम नव्हे. ज्यांना आम्लपित्त, जठराचा व्रण किंवा छातीत जळजळ आहे, त्यांनी आवळ्याचा रस, कारल्याचा रस, आले, लसूण आणि तुरट चूर्णे रिकाम्या पोटी घेऊ नयेत. गुढीपाडव्याला आपण कडुनिंबाची चार कोवळी पाने गूळ, ओवा आणि हरभऱ्याच्या डाळीबरोबर खातो. वर्षातून एकदा, चिमूटभर आणि इतर पदार्थांच्या जोडीने. त्याच पानांचा पेलाभर रस रोज अनशापोटी पिण्याला त्या परंपरेचा आधार देता येत नाही.

बाळगुटीने बाळाचे पोट चांगले राहते का?

हा प्रश्न प्रेमापोटी विचारला जातो आणि उत्तर देताना घरातील आजीच्या अनुभवाचा मान राखूनच बोलले पाहिजे. सहाणेवर हिरडा, बेहडा, मुरडशेंग, जायफळ, मायफळ, वेखंड यांचे वेढे मोजून उगाळण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे, आणि मात्रा थेंबांत ठेवण्याची दक्षता तिच्यातच दिसते. तरीही आज ठामपणे सांगावे लागते की पहिले ६ महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये. जागतिक आरोग्य संघटना आणि आपले बालरोगतज्ज्ञ हेच सांगतात.

कारणे स्पष्ट आहेत. सहाण आणि औषधाचे तुकडे निर्जंतुक नसतात; पावसाळ्यात डब्यातल्या जायफळावर व मुरडशेंगेवर बुरशी धरते आणि ती उगाळताना दिसत नाही. जायफळाचा वेढा अधिक झाला तर बाळ गुंगते, आणि गुंगलेले बाळ दूध ओढत नाही. घरच्यांना मात्र ते शांत झोपल्यासारखे वाटते. वेखंडात बीटा-असारोन हे घातक मानले जाणारे द्रव्य असते. अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. गुटीत मध घालणे तर पूर्णपणे टाळावे, कारण एक वर्षाखालील बाळांना मधातील जिवाणूंमुळे बोट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. कडुनिंबाचे तेल लहान मुलांच्या पोटात कधीही देऊ नये; त्याने उलट्या, झटके आणि बेशुद्धी आल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

इतर औषधे चालू असताना वनौषधी घेता येते का?

डॉक्टरांना सांगून घेता येते, लपवून नव्हे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने कारल्याचा रस, मेथी किंवा गुडमार सुरू केल्यास साखर अचानक खाली जाऊ शकते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी हळदीच्या गोळ्या आणि लसणाचे अर्क टाळावेत, आणि शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी सर्व पूरके थांबवावीत. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो, पायांवर सूज येते आणि पोटॅशियम उतरते. त्यातच लघवी वाढवणारी गोळी आणि सोनामुखी चालू असेल तर हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. लोहाच्या गोळीबरोबर त्रिफळा घेतल्यास टॅनिनमुळे लोहाचे शोषण कमी होते. त्रिकटूतील मिरी-पिंपळीमुळे फेनिटॉइनसारख्या (झटक्यांवरील औषध) काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते.

चूर्णांत शिसे किंवा पारा असतो, अशी भीती कितपत खरी?

सरसकट खरी नाही, पण निराधारही नाही. अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ उत्पादनांच्या २००८ मधील तपासणीत हे प्रमाण २०.७ टक्के होते. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ या काळात भारतातून आणलेली औषधे घेतलेल्या ६ गरोदर स्त्रियांना शिशाची विषबाधा झाल्याचे आढळले. परदेशी असलेल्या मुलीला किंवा सुनेला येथून डबे भरून चूर्णे आणि गोळ्या पाठवणाऱ्या कुटुंबांनी ही नोंद लक्षात ठेवावी.

काही धातू रसशास्त्रातील (धातू व खनिजांपासून औषधे करण्याच्या आयुर्वेदिक शाखेतील) भस्मांतून हेतुपुरस्सर येतात, तर काही माती, दळणयंत्रे आणि भेसळीतून येतात. भारतीय निकषांनुसार वनस्पतिजन्य औषधांत दर दहा लाख भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ यांहून अधिक असू नये. पोटाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, शिशाच्या विषबाधेची सुरुवातच अनेकदा पोटात पीळ पडण्याने आणि बद्धकोष्ठतेने होते. मग त्यासाठी आणखी चूर्ण घेतले जाते, कदाचित तेच. कारण न सापडणारी पोटदुखी, थकवा आणि रक्तक्षय एकत्र दिसल्यास रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी.

सुटे चूर्ण घ्यावे की पाकीटबंद?

शक्यतो पाकीटबंद, आणि तेही वाचून. सुट्या चूर्णात वनस्पती कोणती, भाग कोणता, किती जुनी, यांपैकी काहीही कळत नाही. जुने आयुर्वेदाचार्य शार्ङ्गधर यांनी चूर्णाचे वीर्य (औषधी शक्ती) दोन महिन्यांनंतर क्षीण होते असे सांगितले आहे. कोकणातील किंवा गोव्यातील पावसाळी हवेत चूर्ण त्याहूनही लवकर ओल धरते, त्यात बुरशी वाढते आणि काही बुरश्या यकृताला घातक अशी द्रव्ये तयार करतात. गुठळ्या झालेले, कुबट वासाचे चूर्ण उन्हात वाळवून पुन्हा वापरू नये. न शिजवता घेतल्या जाणाऱ्या पुडीत जिवाणूही असू शकतात. २०२५ मध्ये अमेरिकेत साल्मोनेलाच्या उद्रेकाचा माग भारतातून गेलेल्या शेवग्याच्या पानांच्या पुडीपर्यंत लागला होता.

ओळखीतील चूक सर्वांत महाग पडते. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोड लागतात आणि शाळकरी मुलांना त्यांनी उलट्या-जुलाब झाल्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडतात. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीचा कंद खाद्यकंद समजून खाल्ला गेला, तर त्यातील कोल्चिसीनमुळे आधी तीव्र जुलाब आणि काही दिवसांनी रक्तपेशी घटणे असा प्राणघातक क्रम सुरू होतो. सांधेदुखीच्या ‘खात्रीशीर’ पुड्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामके मिसळलेली सापडतात. अशा पुडीने एका दिवसात आराम पडला आणि पुढे काळी शौच होऊ लागली, तर जठरातून रक्तस्राव होत असल्याचे समजावे.

वेष्टनावर घटकांची नावे व प्रमाण, आयुर्वेदिक औषध असल्यास उत्पादन परवाना क्रमांक, अन्नपूरक असल्यास एफएसएसएआयचा (भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि वापराची मुदत हे सर्व असावे. मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार बरे करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. ज्या उत्पादनावर असा दावा आहे, ते उत्पादन त्याच कारणासाठी नाकारावे.

कोणत्या लक्षणांत लगेच रुग्णालयात जावे?

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, न थांबणाऱ्या उलट्या, घेरी येऊन पडणे, सहा-आठ तास लघवी न होणे, डोळे पिवळे दिसणे, श्वास लागणे, झटके किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही झाल्यास थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घरी मीठपाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नये. उरलेले चूर्ण, पाकीट, रसाचा नमुना किंवा वनस्पतीची फांदी सोबत न्यावी, आणि काय घेतले ते डॉक्टरांना न संकोचता सांगावे; ‘बाकी काही घेत नाही’ या उत्तरामुळे निदानाचे तास वाया जातात. विषबाधेविषयी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राकडून १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.

त्रास किरकोळ असेल तर?

एका वेळी एकच वनस्पती सुरू करावी, म्हणजे त्रास कशाने झाला हे कळते. मेथी, जवस, इसबगोल यांची सुरुवात अर्ध्या चमच्याने करून मात्रा आठवड्याने वाढवावी. मळमळ किंवा जळजळ झाल्यास चार-पाच दिवस पूर्ण खंड द्यावा. तक्रार थांबली आणि पुन्हा घेतल्यावर परत आली, तर ती वनस्पती आपल्याला मानवत नाही असे समजून सोडून द्यावी. कावीळ किंवा अंगावर गांधी उठल्या असतील, तर मात्र पुन्हा घेऊन पाहण्याचा प्रयोग कधीही करू नये.

दुष्परिणामाची नोंद कोठे करता येते?

आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि होमिओपॅथी औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्यासाठी आयुष मंत्रालयाची स्वतंत्र यंत्रणा आहे आणि तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. भारतीय औषध सतर्कता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईक स्वतःही माहिती देऊ शकतात. भेसळीचा किंवा परवाना नसलेल्या विक्रीचा संशय असल्यास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार करावी आणि उरलेले चूर्ण मूळ पाकिटासह जपून ठेवावे, कारण तपासणीसाठी त्याचीच गरज पडते.